बिनदुधाची ताकद

पॉवर हाऊस कॉलनी, खापरखेडा
२१ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप सौ. कुसुमताईस देवरावचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे असं समज. टायफॉईडनंतर अजून वाकलो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.) तू, भाऊजी आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असाल. इकडे तुझी भावजय गोपिका ठणठणीत आहे. माझंही सगळं बरं आहे, पोट सोडून. अर्थात सध्या माझ्याजवळ पोटाशिवाय दुसरं फारसं काही उरलेलं नाही.

तुला ठाऊकच आहे की दीड महिना अंथरुणात काढून मी उठलो तो अठ्ठेचाळीस किलोंचा. आमच्या कामावरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की येत्या शनिवारी तपासणी, तोवर पन्नास भरले तर बॉयलरवर परत, नाहीतर गेटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहा. ताई, अठरा वर्षं मी तो लोखंडी जिना चढलो-उतरलो. नुसत्या आवाजावरून सांगतो, आज बॉयलरचं काय बिनसलंय ते. लोकांची नावं लिहिण्यात माझा जीव रमणार नाही. रात्रंदिवस हाच घोर लागला आहे, आणि म्हणून वजनाच्या नादात पुढचा सगळा गोंधळ झाला.

तुमच्या गावचा शालिकराम रोज तुझ्याकडचं दूध आणि खवा न चुकता आणतो. दुधाचं काय वर्णन करावं, साय अशी की पोळीसारखी उचलून घ्यावी. पण ते पोटात गेलं की तासाभरात आत लग्नाची वरात निघते, वाजंत्री आणि आतषबाजीसकट. शेवटी नागपूरला धरमपेठेत एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दुधात एक साखर असते, ती तुमच्या पोटाला पचत नाही. (आजारानंतर असं होतं म्हणे.) दूध बंद करा आणि ताकदीची पावडर घ्या, प्रोटीनची, मात्र तिच्यात दूध नको.

सांगणं सोपं होतं. तिथल्याच औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार चंपतराव, मनुष्य सज्जन, पण उत्साही. त्यांनी काउंटरवर डब्यांची रांगच लावली. एका डब्यावर पैलवान, एकावर गुटगुटीत बाळ, एकावर घोडा. (घोड्याचा डबा माणसांसाठीच आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतलं.) मी म्हटलं, यातला बिनदुधाचा कोणता? चंपतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बिनतिखटाचं सावजी मटण मागितलं. "दूध नाही म्हणता? मंग ताकद कुठून येईन, साहेब?" मग त्यांना वाटलं माझा काही नवस असावा. म्हणाले, "नवस असन त फिटेपर्यंत थांबा ना, डबा काही पळून नाही राहिला." मी पोटाची कथा सांगितली. ती ऐकून दुकानातली आणखी तीन गिऱ्हाईकं आपापल्या पोटांच्या कथा घेऊन पुढे सरकली. अर्धा तास त्यात गेला.

डब्यांवरचा मजकूर इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. चंपतरावांचा चष्मा मागून घेतला आणि एकेक डबा वाचत गेलो. पैलवान दुधाचा निघाला. बाळ तर दुधाचं असणारच. घोडासुद्धा दुधाचाच. (घोड्याला दूध कोण पाजतं, मला तरी ठाऊक नाही.) अगदी खालच्या फळीवर, धूळ बसलेला, चित्राविना एक डबा सापडला. आत काय, तर शेंगदाणा आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. तोच घेतला. घरी येऊन झाकण उघडलं तर वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. मग लक्षात आलं, तुझ्या गोठ्यातला. तेल काढून उरलेली ढेप, ताई. बारीक दळून डब्यात भरलेली. म्हणजे तू म्हशीला जे घालतेस तेच मी खाऊ लागलो, फक्त मधली म्हैस तेवढी वगळली.

रोज सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, पाण्यातून. गोपिका स्वतः कालवून, वर विलायची घालून आणून द्यायची. मी डोळे मिटून गटागटा प्यायचो. आठ दिवसांत कॉलनीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर उभा राहिलो तर साडेसेहेचाळीस. दीड किलो गेलं. वरातीही दिवसातून दोन निघू लागल्या. माझं डोकंच फिरलं. डबा काखेत मारून बस पकडली, धरमपेठेत जाऊन चंपतरावांना चार लोकांत बोलू नये ते बोललो. बिचाऱ्यांनी झाकण उघडून डब्याचा वास घेतला. मग एवढंच म्हणाले, "साहेब, पाण्यातच घेता ना? एखाद्यावेळी घरी विचारून पाहा. मी इथं लई घरं पाहिली."

घरी आलो, विचारलं. गोपिका जराही डगमगली नाही. म्हणाली, "दुधातच देऊन राहिली ना मी. त्या डब्यात दूध नाही, तुमीच त सांगतलं. मंग ते वरून घालाले नाही पाह्यजे काय?" आणि नुसतं दूध नव्हे, त्यात तुझा खवासुद्धा विरघळवत होती. "ताई एवढ्या दुरून पाठवते, तो काहून वाया घालवायचा?" असं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. दीड महिना माझ्या उशाशी बसलेली बाई. रागावू तरी कुणावर? मी तिला जवळ बसवलं आणि तिनं केलेला चहा प्यालो. (त्यातही दूध होतं.)

गुरुवारपासून मात्र पावडर खरंच पाण्यात आहे. चव ढेपेची, पण पोट गप्प. आज सकाळी साडेअठ्ठेचाळीस भरलो. शनिवारी जाड बूट घालून जाणार आहे, बाकी नशीब. काल जाऊन चंपतरावांची माफी मागून आलो. त्यांनी तो डबा आता वरच्या फळीवर मांडला आहे.

भाऊजींना नमस्कार. उद्या शालिकरामच्या हाती हे पत्र देतो.

तुझा,
देवराव

ता. क. – दूध आणि खवा आता पाठवू नकोस. गोपिका म्हणते, हे असं सरळ लिहू नका, ताईंना वाईट वाटेल. तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण पाठवूही नकोस.

ता. क. दुसरा – वर 'आजारानंतर असं होतं' लिहिलं आहे ते खोटं. मला दूध कधीच पचलं नाही. आई गेल्यावर घरात रोज दोनच पेले दूध यायचं, आणि तू तुझा पेला माझ्यापुढे सरकवून म्हणायचीस, "मले नाही आवडत रे दूध, तूच पी." ते ऐकून मी दोन्ही प्यायचो, आणि शाळेत जाताना वाटेत शेताकडे पळायचो. तू आवडत नाही म्हणून खोटं बोललीस, मी पचत नाही हे बोललो नाही. आपण दोघांनी मिळून ते दूध कितीतरी वर्षं वाया घालवलं. तुला सांगायची हिंमत मला चाळिशी उलटल्यावर झाली.

ता. क. तिसरा – हे पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. मागच्या बुधवारी शालिकराम बोलता बोलता सांगून गेला की तुला चक्कर येते, तू सुकून गेलीस, आणि घरात थेंब न ठेवता सगळं दूध माझ्या डब्यात भरतेस. मी बॉयलरवर जातो की गेटवर, ते शनिवारी कळेल. रविवारी मात्र काहीही झालं तरी कळमेश्वरला येतो. माझ्यासाठी कोरा चहा ठेव. दुधाचा पेला तुझा. तू तो पूर्ण पिईपर्यंत मी समोरून हलणार नाही.