बर्फ स्थिर, घर सरकले

४ मे

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं घर पुन्हा पुढे आलंय असं काल पोस्टमन सांगत होता. गेल्या वर्षापेक्षा त्याची साठ पावलं वाचतात, म्हणून तो खूश आहे.

हिमनदी चालते, असं माझ्या नवऱ्याने, म्हणजे आपल्या मास्तरांनी, अकरा वर्षांपूर्वी जेवताना सांगितलं आणि तू ताटावरून उठलास. बर्फ चालत असेल तर तोच मला तुमच्या दारात आणून सोडील, तोवर इथे पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून गेलास. वर त्यांना खोटं पाडायला थेट बर्फावरच मोजणीदाराची नोकरी धरलीस, तिथेच घर बांधलंस.

मास्तर अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी थंडीपर्यंतची मुदत दिली आहे. मेहुण्याचं काही कळलं का, असं रोज विचारतात. बसने तासाभराचा रस्ता आहे. डोक्यात घातलेली राख झटक आणि ये.

लोभ आहेच; या खेपेला तो बसमध्ये बसव.
तुझी,
धाकटी

१५ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमनच्या तोंडाला कुलूप नाही. घर सरकतं हे मी नाकारत नाही. बर्फ सरकत नाही. उतारावर जड घर ठेवलं की ते घसरणारच, त्यात मोठी विद्या काय? अकरा वर्षं मी मोजणीच्या वहीत रोज लिहितोय: बर्फ स्थिर, घर सरकले. कचेरीने एकदाही शंका काढलेली नाही. फक्त पत्ता कुठलातरी एक ठरवा, असं साहेबांनी कळवलंय.

दाराच्या पायरीचा दगड मात्र फुटला. भेगेत पाणी शिरलं, गोठून फुगलं आणि एवढा थोरला दगड उभा चिरला. पाण्याने असं वागावं याचं मला वाईट वाटलं.

मास्तरांचं वाचून जेवण गेलं नाही. पण शब्द म्हणजे शब्द. बर्फाने आणलं काय नि घराने आणलं काय, मी पाऊल उचललेलं नसेल. याच वेगाने दोनशे साठ वर्षांत तुमच्या दारात पोचतो. तोवर त्यांना औषध वेळेवर घ्यायला सांग. सोबत लोकरीचे मोजे आहेत, ते त्यांना घाल. माझं नाव सांगू नकोस.

कळावे, माया आहे तशीच ठेव.
तुझा,
दादा

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोनशे साठ ऐकून मास्तर इतके हसले की त्यांना ढास लागली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मोजे त्यांनी लगेच ओळखले. एवढे वाकडे मोजे दुसरं कोण विणणार?

त्यांनी तुला एक विचारायला सांगितलंय. तू बर्फावर आडव्या सरळ ओळीत खुंट्या ठोकल्या आहेस ना? बर्फ काठाला खडकाशी घासत सावकाश चालतो, मध्ये भराभर. तर मधल्या खुंट्या पुढे गेल्या आहेत का?

दादा, भांडण जिंकायचं नाही रे, मलाही नाही आणि त्यांनाही नाही. आजारी माणसाच्या ‘हो’ला सगळे ‘हो’ करतात. जुने विद्यार्थी येतात, माना डोलावतात, फळं ठेवून जातात. परवा मास्तरांनी मुद्दाम सूर्य पश्चिमेला उगवतो असं म्हणून पाहिलं. शेजाऱ्यांनी तेही मान्य केलं आणि आराम करायला सांगितलं. त्या दिवसापासून ते धड जेवत नाहीत. मला फार भीती वाटते.

रागावलास तरी चालेल, पण विसरू नकोस.
धाकटी

१४ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खुंट्यांचं विचारलंस. दर सोमवारी मी त्या उपटतो आणि पुन्हा सरळ ओळीत ठोकतो. गेली अकरा वर्षं. शिस्त म्हणून करतो, असं स्वतःला सांगत आलो. तुझं पत्र आल्यापासून हात लावला नाही. आज जाऊन पाहिलं, तर मधली खुंटी काठच्या खुंटीपेक्षा दोन हात पुढे.

खाली बर्फाने सोडलेल्या खडकांवर लांब ओरखडे आहेत. बर्फात अडकलेले दगड घासत गेल्याचे. तेही मी इतकी वर्षं पाहतोय. कुणीतरी खोडसाळपणा करतं, असं समजत होतो.

मास्तर खरं बोलत होते. मी मूर्ख ठरलो त्याचं काही नाही, पण अकरा वर्षं तुझं घर पाहिलं नाही, याने जीव तुटतो. मंगळवारच्या बसने येतो. त्यांना आधी सांगू नकोस, मलाच सांगायचंय.

तुझा,
दादा

२५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दार इतक्या जोरात आपटून गेलास की बिजागरी निखळली. सुताराला बोलावलंय.

टोपी हातात घेऊन तू कबूल केलंस की बर्फ चालतो, तेव्हा माझे डोळे भरून आले. आणि मास्तर शांतपणे म्हणाले की छे, त्यांना आता तसं वाटत नाही, घरच घसरत असणार, पायाच कच्चा! तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तीन तास असे भांडलात की शेजारी काठी घेऊन धावत आले. त्या भरात मास्तर उशीला न टेकता बसले होते, ते तुझ्या लक्षातही आलं नसेल.

तू गेल्यावर त्यांनी जेवायला मागितलं. मग घराचा उतार काढायचाय म्हणून वही मागितली. डॉक्टरांनी झोपायला सांगितलं, तर याचा निकाल लागेपर्यंत मरायला सवड नाही, असं त्यांनाच ऐकवलं.

चौतीस वर्षं त्यांनी मुलांना हिमनदी शिकवली, दादा. बर्फ चालतो हे त्यांना ठाऊक नाही होय? आज ते झोपल्यावर मी वहीत डोकावले. उताराची आकडेमोड नाहीच. पुढच्या मंगळवारी तुझ्याशी काय काय भांडायचं, ते पानभर लिहिलंय.

तेव्हा ये. दर मंगळवारी ये, थंडीतही ये. आणि हात जोडते, काही झालं तरी त्यांचं म्हणणं पटवून घेऊ नकोस.

लोभ असू दे, वाद त्याहून जास्त.
तुझी,
धाकटी