डबीला हवापालट

४ ऑक्टोबर
या गावात विचारवंताची किंमत बूटपॉलिशच्या डबीएवढी आहे, हे आज सिद्ध झालं. आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई तेवढीच एक डबी घेऊन आल्या आणि तळघरातल्या माझ्या टेबलावर, बरोबर माझ्या कोपराच्या जागी, ठेवून गेल्या. म्हणे डोंगराच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. रंग नाही, वास नाही. खालच्या बंद खोल्यांत साचतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसं धरतो. तो मोजायला घरोघरी ही डबी. चार दिवस ती हलवायची नाही, खिडकी उघडायची नाही. खिडकी बंद असली की मला सुचत नाही. गावाचा इतिहास लिहिणं पुन्हा लांबणीवर.

५ ऑक्टोबर
शेजारचा सुतार म्हणाला, साहेब, तुमचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघणार. म्हटलं, लाव पैज! ज्याचा मोठा, त्याने दुसऱ्याचं कुंपण रंगवायचं. त्याला कल्पना नाही, माझ्या घराचं सिमेंट मी स्वतः निवडलंय.

६ ऑक्टोबर, सकाळी
डबी माळ्यावर नेली. उघड्या खिडकीत. यात फसवणूक कसली? घर तेच, हवा तीच. टेबलही मोकळं झालं. आता लेखन.

दुपारी
टेबलावर डोळा लागला.

८ ऑक्टोबर
नर्सबाई यायच्या आत डबी परत तळघरात. त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलण्याचा प्रश्नच आला नाही.

२१ ऑक्टोबर
निकाल! सुतार ४१०. मी ३८. गावात सगळ्यात कमी! सुताराला जमिनीच्या भेगा कशा बुजवाव्यात यावर तासभर समजावलं. तो माझं कुंपण रंगवत ऐकत होता. कोपऱ्यात रंग पातळ लागलाय, तेही सांगितलं.

२४ ऑक्टोबर
शिशुवर्गाच्या बाई आल्या होत्या. शाळेच्या खोलीचा आकडा वाईट आला, दुरुस्तीत सगळा हिवाळा जाणार. तोवर पोरं बसवायला गावातली सगळ्यात शुद्ध हवेची खोली हवी. म्हणजे माझं तळघर! हो म्हणालो. इतिहास लिहिणारा स्वतःच इतिहासात जाणार. बायको काहीच बोलली नाही. आश्चर्य.

२६ ऑक्टोबर
बोलली. माळा झाडताना खिडकीतल्या धुळीत डबीएवढा स्वच्छ गोल दिसला म्हणे. उद्यापासून एवढीएवढी पोरं दिवसभर खाली बसणार. तुम्ही सांगताय की मी सांगू? म्हटलं, शास्त्रात मतभेद असतात. ती चपला घालायला लागली. मी पळत तिच्या आधी पोचलो.
नर्सबाईंना म्हणालो, माळ्याची तपासणी मी जास्तीची म्हणून केली होती. त्या हसल्या नाहीत. दुसरी डबी तळघरात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली बायकोकडे दिली. माणसांचा माणसांवर विश्वास राहिलेला नाही.

७ नोव्हेंबर
६९०.
पोरं पोस्टाच्या वरच्या मजल्यावर बसतात. त्यांचा गोंगाट इथवर येतो. आज तो खुपला नाही. कानांना दडे बसले असावेत.

१० नोव्हेंबर
सुताराने तळघराच्या भेगा बुजवल्या, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. पैजेचा शब्द काढला नाही. असलं वागणं मला अजिबात आवडत नाही.

१२ नोव्हेंबर, पहाटे
डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम सांगितलाय (कधीतरी सांगितलाच असता). म्हणून कुणी उठायच्या आत सुताराच्या कुंपणाला रंग लावायला घेतला. शेवटच्या फळीला उजाडलं. सुतार चहाचा कप घेऊन बाहेर आला, इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाला, साहेब, कोपऱ्यात पातळ लागलाय.
दुसरा हात मारला.