मी मूळचा डोंगरातला

३ नोव्हेंबर, सकाळी सहा
थंड पाण्याने अंघोळ. आम्ही डोंगरातली माणसं गरम पाण्याला शिवत नाही. (आम्ही म्हणजे बायको. ती जन्माने, मी मनाने.) अंग बधिर. आत्मा टवटवीत.

५ नोव्हेंबर
दुकानात मान वाढलाय. इतकी वर्षं गिझर विकतोय, पण माझं नाव आठवायला मालकांना शर्टावरचा बिल्ला वाचावा लागायचा. आता लांबूनच ‘डोंगरवाले’ अशी हाक मारतात. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला सहज थाप मारली, आमच्याकडे डोंगरात बादलीत बर्फ होतो. त्याने सगळ्यात मोठा गिझर घेतला. थाप नाहीच म्हणा, सासुरवाडीचं सत्य आहे. आणि त्याआधी मी होतो कोण? सपाट गावचा सपाट माणूस. कुत्रं विचारत नव्हतं.

९ नोव्हेंबर
घरातला गिझर काढून शेजाऱ्यांना दिला. पलंगही. बायकोने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? तिला समजावलं की तू विसरत चाललीस ती संस्कृती मी जपतोय. ती म्हणाली, विसरायचीच होती, म्हणून तर इथे आले. मुळांपासून तुटलेली माणसं अशीच बोलतात.
संकल्प : डोंगरी माणसासारखं कमी बोलायचं. हे तिला तासभर समजावून सांगितलं.

१४ नोव्हेंबर
ताप. हवा बदललीय. अंघोळीचा संबंध नाही.
बायको अंघोळीला शेजाऱ्यांकडे जाते. आमच्याच गिझरचं पाणी.

२० नोव्हेंबर
सासरे आले! आता शिक्कामोर्तब. लोकरी टोपी घालून त्यांच्या बोलीत स्वागत केलं. त्यांनी बायकोला विचारलं, जावईबापूंचा घसा बसलाय का?
मग विचारलं, गिझर कुठे आहे? जमिनीवरचं अंथरूण बघून गुडघे धरून बसले. संध्याकाळी म्हणाले, आमच्यातली चांगली चांगली स्थळं आली होती. पोर तुम्हाला दिली, कारण तुम्ही गिझर विकत होता.
जेवण गेलं नाही. तापामुळे असेल.

२२ नोव्हेंबर
मालकांनी सासऱ्यांना दुकानात बोलावून घेतलं. मालकांनी विचारलं, जावई तुमच्यातलेच ना? सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, आमच्यातलेच.
जावयाची अब्रू राखली. मी गहिवरलो. मालकही गहिवरले. म्हणाले, डोंगरात शाखा काढतोय, तिथलाच माणूस हवा होता, सोमवारी निघा.
नाही म्हणायला तोंड उघडलं. कोणत्या तोंडाने म्हणणार?

२३ नोव्हेंबर
बायकोला आनंदाची बातमी दिली, सामान बांध, तुझ्या माहेरी चाललोय. ती म्हणाली, तुम्ही जा. मी तिथून एकदाची सुटलेय. सासरे गुडघ्यांच्या उपचारासाठी इथेच राहणार. दुपारी शेजाऱ्यांकडून गिझर आणि पलंग दोन्ही परत आले.
मी रडलो. तिने टोपी बॅगेत भरली.

८ डिसेंबर
शाखा छान आहे. वीज असते तेव्हा पाण्याचा नळ गोठलेला, नळ सुटतो तेव्हा वीज गेलेली. गिझर अजून एकही खपला नाही. इथले लोक मला ‘खालचे साहेब’ म्हणतात. गैरसमज आहे, दूर करतोय. टोपी फक्त मीच घालतो.
मालकांना फोन केला, परत बोलवा. म्हणाले, आपल्या माणसांत आहात, मजा करा. बायकोला केला. मागे पाण्याचा आवाज येत होता. नंतर बोलते म्हणाली. मला फार एकटं वाटलं.

१९ डिसेंबर
नंतर बोलली नाही.
दुकानासमोर एक म्हातारा उन्हात बसला होता. जवळ जाऊन त्याच्या बोलीत दोन वाक्यं बोललो. त्याने टोपीपासून बुटांपर्यंत मला न्याहाळलं. हसला नाही. शेवटी एकाने तरी मला इथला मानलं.
म्हणाला, तुलाही खाली जायला जमलं नाही ना रे?
मी म्हणालो, नाही.
तो जरा सरकला. बसलो.