भावोजी, बासरी आणि सहा डोळ्यांचा पिकअप

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घालतोय. गळ्यात गिटार आहे, वाकलो की टेबलाला आपटते.) तुझी तब्येत, तुझं ट्रेनिंग, हॉस्टेलमधली ती करकरणारी खाट, सगळं ठीकठाक असेल असं धरून चालतो. आईची कंबर आता बरी आहे. बाबा ठणठणीत आहेत, फक्त रिटायर व्हायचा दिवस जवळ येतोय तसे रोज जरा जास्तच लवकर उठायला लागलेत. मी बरा आहे. तुझा नवरा तर फारच बरा आहे, आणि या पत्राचं कारण साधारण तेच आहे.

लोक गावाला जाताना कुंड्या शेजाऱ्यांकडे ठेवून जातात, तसा तू नवरा आमच्याकडे ठेवून गेलीस. तुमच्या घरातल्या फरशा बदलून होईपर्यंतच, असं ठरलं होतं. फरशा केव्हाच बसल्यात (मी मुद्दाम जाऊन खिडकीतून बघून आलो), पण आई त्यांना सोडायला तयार नाही. भावोजी जेवल्यावर ताट स्वतः उचलतात म्हणे. अगं, ताट मीही उचलतो की. पण माझं ताट उचलणं शेजारच्या काकूंना सांगायला कुणी कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून येताना ते तो चिमुकला स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन येतात आणि घरभर हिंडत जे सैल दिसेल ते घट्ट करतात. बाबांच्या चष्म्याची काडी, कपाटाची मूठ, कुकरचं हँडल. बाथरूमचा नळसुद्धा. तो नळ मी 'करतो, करतो' म्हणत वर्षभर सांभाळला होता. त्याच्या गळण्याला एक लय होती, मी तिच्यावर सराव करायचो. आता आंघोळीला गेलं की नुसती शांतता.

मी जळत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. मी फक्त नोंद घेतोय.

तर मुद्दा असा. बाबांचा निरोप समारंभ त्यांच्या पंपघराच्या हॉलमध्ये आहे, हे तुला माहीत आहेच. दाढी करताना बाबा जी शीळ घालतात (कुठल्या गाण्याची नाही, त्यांची स्वतःचीच, तिसऱ्या ओळीत हमखास गाल कापून घेतात ती), ती त्या दिवशी वाजवायची, ही कल्पना माझी. हे कुठेतरी लक्षात ठेव, कारण घरात आता कुणाच्याच लक्षात नाही. मी कल्पना सांगितली, आणि भावोजींनी शांतपणे त्यांचा तो वाजवायचा छोटा कीबोर्ड मांडीवर घेतला, एक बटण दाबलं आणि बासरीत ती शीळ वाजवली. सबंध. एका बोटाने. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "व्वा."

ताई, व्वा. मी कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवतोय आणि त्यावर बाबांनी आजवर दिलेली दाद म्हणजे 'दार लावून घे'. त्या एका व्वामध्ये सगळं ठरून गेलं. सुरुवातीची शीळ भावोजी वाजवणार, बाबांच्या शेजारी बसून. मी मागे, लाउडस्पीकरच्या बाजूला, झँग झँग. आमच्या बाबांचा निरोप, आणि त्यात मी झँग झँग.

त्या रात्री काही मला झोप लागली नाही वगैरे लिहिणार नाही, मस्त लागली. सकाळी उठलो ते ठरवूनच, की गिटारमधून बासरी काढायची. अशी यंत्रं असतात. गिटार सिंथ म्हणतात. आपण तार छेडायची, यंत्राने सूर ओळखायचा आणि त्या सुराला बासरी, व्हायोलिन, जो म्हणशील तो आवाज लावून द्यायचा. रात्री जेवताना हा बेत बोलून टाकला आणि दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथला दाढीवाला फार सावकाश बोलतो (गिऱ्हाईक कंटाळून काहीतरी घेईलच, अशा बेताने). त्याने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे साधी पेटी (बाजाची नव्हे, यंत्राची). आहे तीच गिटार, आहे तीच वायर, नेऊन खुपसायची. पण सहाही तारांचा आवाज एकाच वायरीतून एकत्र येत असल्याने पेटीला तो अंदाजाने सोडवावा लागतो. दुसरी वाट म्हणजे गिटारच्या ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या पोटावर टेकतात तिथे), तारांच्या अगदी खाली, एक वेगळा बारीक पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी पट्टी, बसवायचा. त्याला सहा डोळे, प्रत्येक तारेला स्वतःचा. वायर बोटाएवढी जाड, टोकाला डझनभर पिना. मग यंत्राला कुठली तार वाजली ते नेमकं कळतं, आणि हवं तर प्रत्येक तारेला वेगळा आवाज देता येतो. पण बसवणं नाजूक काम, पिकअप आणि तार यांच्यात जेमतेम नखाएवढी फट.

आता खरं सांगायचं तर मला साधी पेटी पुरली असती. एक शीळ तर वाजवायची. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, तेवढ्यात आठवलं की आदल्या दिवशी जेवताना भावोजी हेच म्हणाले होते, अगदी मायेने, की तुझ्या कामाला साधी पेटी पुरेल. तुझ्या कामाला. मी सहा डोळ्यांचा पिकअप घेतला.

बसवला मीच. (भावोजींचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या शर्टाच्या खिशातून काढून घेतला आणि परत ठेवला. विचारलं असतं तर ते मदतीला आले असते, तो धोका होता.) आता तुला माहीत आहे की मी डावखुरा आणि गिटारही डावखुरी. पिकअप बिचारा जगातल्या उजव्या लोकांसाठी बनवलेला. त्याची वायर माझ्या बाजूने वर तोंड करून बाहेर यायला लागली आणि थेट कोपरात टोचायला लागली, म्हणून मी पिकअप फिरवून बसवला. वायर छान खाली लोंबायला लागली. माहितीपुस्तिकेत याबद्दल काही असावं. पण मी स्वतः पोटासाठी मिक्सर-गीझरच्या माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे त्या कशा लिहिल्या जातात हे जाणून आहे आणि वाचत नाही.

मग दार लावून सराव. आणि इथे एक गोष्ट कळली जी दाढीवाल्याने सांगितली नव्हती. गिटार ही फार समजूतदार बाई आहे गं. चुकून बोट घासलं, शेजारची तार हलली, ती पोटात घालते, कुणाला सांगत नाही. हे यंत्र सगळं चव्हाट्यावर मांडतं. प्रत्येक घासलेल्या बोटाला ढेकर. मी नुसती जागा बदलून बसलो तरी खोलीत कुणीतरी शिंकल्यासारखा आवाज. आपण इतकी वर्षं नक्की काय वाजवत होतो, असा प्रश्न पडायला लागला, म्हणून सराव थांबवला. पातळ तारांना बासरी लावली (शीळ त्यांच्यावरच वाजते), जाड तारांना सर्वात खालचा कुठलातरी भोंग्याचा आवाज लावला, त्या नाहीतरी वाजवायच्याच नव्हत्या, आणि हेडफोन न लावता, एकदाही नीट न ऐकता, थेट दिवाणखान्यात जाऊन उभा राहिलो. बाबा, आई, भावोजी, तिघेही बसले होते. म्हटलं, जरा ऐका.

पिकअप उलटा होता, ताई. यंत्राच्या दृष्टीने माझी सर्वात पातळ तार ही सर्वात जाड तार होती. मी डोळे मिटून, मान तिरकी करून, अगदी हळुवार पहिला सूर लावला आणि भोंगा वाजला. साधासुधा नाही. बोट बंदर सोडते तसा. खिडकीची तावदानं थरथरली. आई हातातली भाजी सोडून उभी राहिली. मला थांबता आलं असतं, पण भावोजी बघत होते, म्हणून मी वाजवत राहिलो. अख्खी शीळ. मधेमधे यंत्राला सूर ओळखता यायचा नाही, मग ते घुसमटायचं, थुंकायचं, आणि परत भोंगा.

बाबा हसायला लागले. आपले बाबा, जे लग्नाच्या फोटोतसुद्धा मीटर वाचत असल्यासारखे उभे आहेत, ते. चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं. तर ते म्हणाले, "तीन नंबर."

आईला लगेच कळलं, मला नंतर सांगितलं. पंपघरातला तीन नंबरचा पंप. हवा धरली की अस्साच ओरडायचा, असाच घुसमटायचा. बाबा नोकरीला लागले तेव्हा तो पहिला पंप त्यांच्या हाती दिला होता, आणि पुढे तो काढून भंगारात नेला त्या दिवशी ते जेवले नव्हते. बाबा मला म्हणाले, "पुन्हा वाजव." मी पुन्हा वाजवली. आणि या वेळी, ताई, ते माझ्या भोंग्यावर शीळ घालायला लागले.

हे असं चाललेलं असताना कुठल्याही शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? भावोजी उठले. हळूच म्हणाले, जरा बघू का. यंत्रासमोर उकिडवे बसले, काय काय चाचपलं, काहीतरी दाबलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी तार छेडली. बासरी. स्वच्छ, गोड, निर्दोष बासरी. भावोजी इतके खूश झाले होते माझ्यासाठी की त्यांच्याकडे बघवेना. बाबा म्हणाले, "हेही छान आहे," आणि पेपर उचलला.

पण संध्याकाळी चहा घेताना त्यांनीच विषय काढला. म्हणाले, त्या दिवशी सुरुवात तू कर, त्या तीन नंबरने. पंपघरातले सगळे जुने लोक येणार आहेत, ऐकू देत त्यांना. बासरी मागाहून. भावोजी म्हणाले, उत्तम, मी मागे झँग झँग करतो. मनापासून म्हणाले. मी फार शोधलं त्या वाक्यात, काहीसुद्धा सापडलं नाही.

बाकी सर्व क्षेम. विशेष काही काम नाही, सहज लिहिलं. अभ्यास कर, खाटेखाली पुठ्ठा सरकव.

तुझा,
(बाबांच्या समारंभाची सुरुवात करणारा) भाऊ

ता. क. – एक बारीकसं काम आहे. तो भोंगा आता येत नाहीये. भावोजींनी काय दुरुस्त केलं ते मला माहीत नाही आणि मी काहीही केलं तरी बासरीच वाजते. पुस्तिकाही शेवटी वाचली. त्यात बरोबर कसं करायचं तेवढंच दिलंय, परत चुकवायचं कसं ते नाही. तर भावोजींशी फोनवर बोलशील तेव्हा सहज, तुला आपलं कुतूहल म्हणून, काढून घे ना, की त्यांनी नेमकं काय दाबलं. मी विचारलंय असं कळू देऊ नकोस. मी त्यांना मरेन पण विचारणार नाही.

ता. क. २ – लवकर विचार. आज मी एकपासून सहापर्यंतची बटणं क्रमाने दाबली. आता बासरीच्या मागे एक बाई 'आऽऽ' करते आणि जात नाही.

ता. क. ३ – वरचं काम रद्द. आत्ता भावोजी दारात येऊन उभे राहिले, टकटक करून. म्हणाले, सात नंबर दाबून बघ. दुरुस्त करण्याआधी त्यांनी माझा तो चुकलेला आवाज होता तसाच्या तसा सात नंबरला साठवून ठेवला होता. म्हणाले, बाबांना आवडला होता ना, पुसला कसा जाऊ देईन. मी सात दाबला. अख्ख्या घरातून तीन नंबर घुमला, आणि बाहेरून बाबांची शीळ आली. भावोजी दार लावून गेले, आवाज न करता.

ताई, खरं सांग, तुला थोडा वाईट नवरा बघता आला नसता का गं?