तपकिरीचा खण

३ मार्च
आलो बाई एकदाचे नव्या घरात! खोल्या दोनच आहेत, पण बाहेरच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. दिवसभर उजेड आणि उन्हाचा त्रास नाही. रंगाच्या कामाला आणखी काय हवं? ठकूने आतली खोली पाहिली आणि ती आपली म्हणून जाहीर केली. लेकीचं वय वर्षं सात, हुकूम मात्र सासूचे.

घरमालकीणकाकू बोलक्या आहेत. आधीची भाडेकरू माझ्याच धंद्यातली होती म्हणे. कागद, कापड, लाकूड, शाई असं सगळं एकत्र करून चित्रं आणि भेटकार्डं बनवायची. जाताना बाटल्यांची लाकडी मांडणी आणि वाळल्यावर भेगांची नक्षी पाडणाऱ्या क्रॅकल पेस्टचा भरलेला डबा टाकून गेली. काकू म्हणाल्या, हवं तर घे, नाहीतर भंगारात देते. फुकटचं सोडेन ती मी कसली! ती बाई जाताना पांढरीफटक झाली होती, असंही त्या सांगत होत्या. रसायनांच्या वासाने असेल. मी आपली खिडकी उघडी ठेवीन.

५ मार्च
काल मांडणीला ती पेस्ट लावली. पातळ थर दिला की बारीक जाळी पडते, जाड दिला की रुंद भेगा. घाईने ड्रायर फिरवला तर फुगे येतात, म्हणून तिला तिच्या गतीने वाळू द्यायची. मी चपट्या सुरीने चांगला जाड थर दिला होता. आज भेगा इतक्या देखण्या पडल्यात की ठकू हरखून हात फिरवत बसली. वरून काळी शाई लावून फडक्याने पुसली. रंग फक्त भेगांत उरला.

मग आवडीचं काम. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. शाईची पॅडं उपडी ठेवली, म्हणजे शाई तोंडाशी उतरते. बाटल्या उभ्या ठेवल्या. प्रत्येक शाईचा ठिपका कार्डावर घेतला, रंगांचा क्रम ठरवला आणि एकेका खणाखाली रंगाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. जे रंग माझ्याकडे नाहीत त्यांचेही खण राखून ठेवलेत: आकाशी, तांबूस करडा, फिका गुलाबी. हळूहळू आणीन. सगळं लावून झाल्यावर दारात उभी राहून स्वतःचंच कौतुक केलं. दुसरं कोण करणार?

७ मार्च
आकाशीच्या खणात बाटली आहे. वर छाप नाही, नाव नाही, आत मात्र सुरेख आकाशी शाई. ठकूला विचारलं तर तिने कानांवर हात ठेवले. काकूंनीही ठेवले. गंमतच आहे.
पडद्यावरची निळी फुलं एकाच धुण्यात उडाली. साबण बदलायला हवा.

१० मार्च
तांबूस करडाही भरला.
दुपारी काकू मांजर कडेवर घेऊन आल्या, घुश्शात. त्यांची तांबूस करडी भाटी शेपटीपर्यंत पांढरी झाली आहे. ठकूने तिला पिठात लोळवलं असं त्यांचं म्हणणं. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. पीठ नाही, केसच पांढरे आहेत.
मग पडदा काढून नीट पाहिला. धुण्याने रंग असा जात नाही. पानं हिरवी आहेत, फुलं तेवढी कोरी.
मांडणीच्या भेगा रुंदावल्यात. मी भरलेली काळी शाई त्यांत नाही. तिथे आता आकाशी आहे, आणि तांबूस करडा.
फिक्या गुलाबीची चिठ्ठी काढायला गेले. निघेना. नखं मोडली. शेवटी त्या खणात काळ्या शाईची जादा बाटली कोंबून ठेवली.

११ मार्च
काळी बाटली जमिनीवर पडलेली. खणात फिका गुलाबी.
ठकूचे ओठ पांढरे. हिरड्या, जीभ, नखं, सगळं. डॉक्टर म्हणाले रक्त कमी असेल. तपासलं तर रक्त उत्तम. त्यांनाही कळेना.
ठकूने आरशात पाहिलं आणि मला कुणी पुसलं का गं, असं विचारलं. मी तिला पोटाशी धरलं. ती गुलाबी शाई बोटाने तिच्या ओठांना लावून पाहिली. ओघळली. धरत नाही.

१२ मार्च
मांडणी फोडायची म्हणून बाटल्या भराभर काढल्या. अक्कल गहाण टाकली होती मी! सगळे खण मीच रिकामे केले, आणि प्रत्येकाखाली माझीच चिठ्ठी —
मागे वळले तर भिंतीचा पिवळा उतरत होता. ठकूच्या फ्रॉकचा हिरवा, ठकूच्या केसांचा काळा — उतरत होता —
पुन्हा लावल्या. थांबलं सगळं.
एक हातातून सुटली. फुटली.
गडद तपकिरी.

१३ मार्च
त्या रिकाम्या खणासाठी दुकानं पालथी घातली. आणलेली बाटली मांडणी बाहेर ढकलते. स्वतः मिसळून पाहिली. तीही ढकलली.
घरातलं गडद तपकिरी सगळं समोर मांडलं. चपला, स्टूल, शाल. कशालाच शिवली नाही. तिला आता जिवंत रंगाची चटक लागली आहे.
ठकू माझ्याकडे टक लावून बघते. मी तिच्या डोळ्यांकडे बघते. गडद तपकिरी.
नाही. ते नाही देणार.

१४ मार्च, सकाळ
ताईला बोलावून ठकूला तिच्या गावी धाडलं. मावशीकडे जायचं नाही म्हणून पोरगी रडली. मीही रडले, गाडी गेल्यावर.
आता या घरात तसे डोळे माझेच. घे म्हणावं. मी आहे ना इथे.

दुपार
समोर बसले आहे. डोळे मिटायचे नाहीत. भेगा हलताहेत — उघडताहेत —
खण भरला!
सुटली माझी ठकू —

आरसा पाहिला. माझे डोळे आहेत. तपकिरी. जसेच्या तसे.
मग हा रंग कुणाचा —

फोन. ताईचा.
वाजतोय. नाही उचलत.
वाजतोच आहे —

उचलला. ठकू भर दुपारी दिवा लाव म्हणून रडते आहे. ताई विचारते, हिचे डोळे असे —