दाराची सजावट आणि चपलांचं कपाट

बनशंकरी, बेंगळूर
ता. ११ ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप सकवारअक्कास,
धाकट्या नागनाथाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. पहिलं आलं तेव्हा हाताला रंग लागलेला होता, दुसरं आलं तेव्हा पाठ धरली होती, म्हणून उशीर झाला; रागावू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब नीट घालतेस ना, की अर्धे गालावर जातात? जिना उतरताना कठडा धरत जा. धारवाडात आजार फार पसरलेत असं पेपरात होतं (मी मथळा तेवढा वाचला, पुढचं वाचायचा धीर झाला नाही), तेव्हा पाणी उकळून पी. इकडं आम्ही ठीक आहोत. म्हणजे तसं ठीक नाही, पण ते ओघानं येईल.

आमच्या दारातून आत आलं की लगेच हॉल लागत नाही, आधी एक चिंचोळा बोळ लागतो, हे तुला आठवत असेल. समोरून माणूस आला तर एकाला मागं सरावं लागतं. तिथं इतकी वर्षं गॅसचा रिकामा सिलिंडर, नाचणीचा डबा, त्रिविक्रमाची गंजलेली सायकल, छत्र्या आणि जुनी कॅलेंडरं असं सगळं व्यवस्थित लावलेलं होतं. मी जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस. वस्तू अंधारातही हाताला लागेल अशी ठेवायची, एवढंच मला येतं. दोन महिन्यांपूर्वी उल्का (आमची सूनबाई) पुण्याला आईशी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो, माझी खुर्चीच फोनशेजारी आहे. ती म्हणाली, "अगं, दारातून आत शिरलं ना, की गोडाऊनमध्ये आल्यासारखं वाटतं." क्षणभर मला बरंच वाटलं. मग तुझ्या भावजयीनं, वसुमतीनं, माझ्याकडं पाहिलं, तेव्हा कळलं की ही स्तुती नव्हे.

त्याच आठवड्यात पेपरात भाड्याच्या घरांच्या जाहिरातींवर पेनानं गोल केलेले दिसले. रविवारी त्रिविक्रम आणि उल्का रिक्षानं जयनगरला गेली आणि काहीही खरेदी न करता परत आली. अक्का, जयनगरच्या बाजारातून रिकाम्या हातानं कोण येतं? मी कुणाला काही विचारलं नाही. वसुमतीला तर नाहीच, तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मनाशी एवढंच ठरवलं की दार असं करायचं, की उल्काला ऑफिसातून आल्यावर आत यावंसं वाटलं पाहिजे. आत यावंसं वाटलं म्हणजे माणूस दुसरीकडं कशाला जाईल?

तिच्या एका इंग्रजी मासिकात अशाच बोळाचं चित्र होतं. खालचं मला वाचता येईना (माझी सातवी तुला ठाऊकच आहे, तीही मास्तरांच्या कृपेनं), पण चित्र कळलं. पिवळी भिंत, आरसा, कुंडी, छोटी सतरंजी, मंद दिवा. मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कसला पिवळा? मी म्हणालो, घरातला. त्यानं जो दिला तो भिंतीवर चढल्यावर थेट रिक्षाच्या टपाचा निघाला. वसुमती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आता मीटर तेवढं लावून घ्या." आरसा मी माझ्या उंचीनं लावला, उल्काला त्यात फक्त स्वतःचा गळा दिसतो. मनीप्लँट पितळेच्या तांब्यात ठेवला, त्यात डास झाले. सतरंजी गुळगुळीत फरशीवर घातली आणि पहिला मीच तिच्यावरून घसरलो (पाठीचं कारण हेच, तुला काळजी नको म्हणून वर लिहिलं नाही). सिलिंडर पलंगाखाली सरकवला तर वसुमती म्हणाली, त्याच्यावर मी झोपणार नाही, तुम्ही झोपा. आता तो न्हाणीघरात आहे आणि आंघोळ करताना त्याला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागतं.

हे सगळं एक वेळ निभावलं असतं. पण त्या चित्रात एकही चप्पल नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं आणि तिथंच सगळं बिघडलं. मी दुधाचं जुनं जाळीचं कपाट काढलं, त्यालाही तोच पिवळा दिला, आणि दाराबाहेरच्या सगळ्यांच्या चपला उचलून त्यात ठेवल्या. दार अगदी चित्रातल्यासारखं झालं. उल्का संध्याकाळी आली, थबकली आणि म्हणाली, "बाबा, किती छान केलंत! मी रविवारी ऑफिसच्या लोकांना जेवायला बोलावते." लग्न झाल्यापासून तिनं या घरी कुणाला बोलावलं नव्हतं. अक्का, त्या दिवशी मी जेवताना दोनदा भात घेतला.

आता इथली रीत अशी, की वर येणारा माणूस बेल दाबण्याआधी दाराबाहेर चपला बघतो. चपला असल्या तर घरात माणसं, नसल्या तर नाहीत. ही रीत मला जन्मापासून ठाऊक, मी स्वतः तसाच वागतो, पण स्वतःच्या दाराला ती लागू आहे हे काही सुचलं नाही. खालच्या मजल्यावरचा बसवंत रोज संध्याकाळी गप्पांना येतो. तो आला, मोकळी फरशी पाहिली आणि परत गेला. असं रोज. शेवटी आम्ही सगळे तुझ्याकडं धारवाडला गेलो असं त्यानं ठरवलं, आणि चांगला माणूस म्हणून आमचं दूध आणि पेपर बंद करवला. आम्हाला वाटलं दूधवाला रुसला. बसवंत का येत नाही म्हणून मीही रुसून बसलो होतो.

रविवारी वसुमतीनं पहाटे उठून पुरण वाटून होळगी केली, लिंबू पिळून चित्रान्न केलं. उल्का रेशमी साडी नेसली. नेमका करंट गेला, पंखे बंद, म्हणून दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणि मी त्रिविक्रमाबरोबर मागच्या बाल्कनीत वाऱ्याला बसलो. बेल वाजणार कुठून? थोड्या वेळानं खाली काही तरुण मंडळी मिठाईचा पुडा घेऊन रिक्षात चढताना दिसली. मी त्रिविक्रमाला म्हणालोसुद्धा, "बघ, कुणाचे तरी पाहुणे किती छान कपडे करून आलेत." त्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही (पेपर जुनाच होता, नवा बंद ना). ते आमचेच पाहुणे होते. जिन्यात बसवंत भेटला आणि त्यानं सांगितलं, "ऊरिगे होगिदारे," म्हणजे गावाला गेलेत.

दुपारी त्यांचा हॉटेलातून फोन आला तेव्हा उलगडा झाला. मी तसाच बसवंताला वर बोलावलं. तो बोळात उभा राहून म्हणाला, "अण्णा, तुम्ही घरातच? आणि चपला कुठं? मी स्वल्प चांगलं करायला गेलो!" वसुमती म्हणाली, "यांनीही चांगलंच करायला घेतलं होतं." उल्का त्या सतरंजीवर बसली आणि हसायला लागली. खूप हसली, मग डोळे पुसून आत गेली. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मला ओळखता आलं नाही. दिवे लागायच्या वेळी बाहेर आली, कपाट उघडून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर मांडल्या आणि म्हणाली, "बाबा, आता घरात माणसं आहेत असं वाटतंय."

तेव्हापासून मी त्या वाक्याचा विचार करतोय. माणसं म्हणजे ती दोघं धरून, की आम्ही दोघंच? तिची नवी सँडल मात्र तिनं खोलीत नेऊन ठेवली. वसुमती म्हणते, चोरीला जातात म्हणून. असेल.

एवढ्यासाठी लिहितोय, की तू कसुतीचं तोरण भरतेस तसं एक आमच्या दारासाठी भरून पाठव. बाकी सगळं काढलं तरी तोरण राहू देतील.

तुझा,
नागनाथ

ता. क. तोरणाची घाई नाही. डोळ्यांना ताण देऊ नकोस.

ता. क. दुसरा : वसुमतीनं आत्ता वाचलं. ती म्हणते, तोरणबिरण काही नको, बोळ पूर्वी होता तोच बरा होता, आणि अक्कांना खरं काय ते लिहा.

ता. क. तिसरा : खरं असं. येत्या सोमवारी त्रिविक्रम ऑफिसच्या कामाला हुबळीला येतोय, तिथून दुपारी धारवाडला येऊन तुझ्याकडं जेवेल. कॉलेजची वर्षं तुझ्याकडं काढलेला पोर आहे, तुझ्यापाशी तो लपवत नाही. त्याला विचार, जयनगरात घर बघितलंय का. मी विचारलं आणि तो हो म्हणाला तर मला "छान झालं" म्हणावं लागेल, ते मला जमणार नाही. उत्तर लिहिताना एवढं कर. दोघं इथंच राहणार असतील तर साध्या पोस्टकार्डावर लिही, वाटेत कुणीही वाचलं तरी चालेल. जाणार असतील तर पाकीट पाठव. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पण जे असेल ते लवकर टाक.