गेटवरच्या बोर्डावरचा पगार

३ फेब्रु., सोम.
साईटच्या गेटवर नवा बोर्ड. सरकारी अनुदानाची घरं, म्हणून मजुरांना जगण्याइतका, ठरलेला पगार पूर्ण द्यायचा, तोही बँकेतच. हजेरी मी लिहिते, म्हणून बायकांनी वाचायला मलाच लावलं. हिराबाई म्हणाली, "मंग आमच्या हातात अर्धाच कसा?" मी मस्टर उघडून बसले. मान वर करवेना.

४ फेब्रु.
कसा ते मला चांगलं माहीत आहे. बँकेत पूर्णच येतो. पण कार्डं भाऊजींकडे. माझे थोरले दीर, साईटचे मुकादम. पैसे तेच काढतात, अर्धे देतात, बाकीचे 'वर' जातात म्हणे.
आणि कार्डं गोळा केली कुणी? मीच. "मशीन कार्ड गिळतं, घरच्या माणसाकडे राहू दे." तळोज्याच्या चाळीत दारोदार हेच सांगत फिरले. मुकादमाची भावजय म्हणून सगळ्यांनी चहा पाजला. बायका पिन विसरतात, म्हणून ते ह्याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले, नावांसकट.

७ फेब्रु.
मंगळवारी तपासणी. अनुदान देणाऱ्या ऑफिसातून मॅडम येणार. भाऊजी घरी आले होते. "बायकांना पढवून ठेव. पूर्ण मिळतो म्हणायचं, बास."
ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. परांचीवरून पडल्यापासून अंथरुणातच आहेत. दवाखान्याचं भाऊजी बघतात, मला नोकरीही त्यांनीच लावली. कुठल्या तोंडाने नाही म्हणू.

१० फेब्रु.
पढवलं. जेवणाच्या सुट्टीत, ओळीने बसवून. हिराबाईचा अर्धा जन्म मिठागरात गेला, टाचा अजून फाटलेल्या. आपली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. "तू सांगशील तसा बोलू. तू आपल्या घरची हाय."  कसली घरची? नीच बाई आहे मी.

११ फेब्रु., मंगळ.
मॅडम आल्या. एकेक जण "पूर्ण मिळतो" म्हणत गेली. मग हिराबाई. तिनेही तेच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "कार्ड दाखवा बघू."
"सुवर्णाला दिलाय. नंबर पण लिवून ठेवलाय तिनं वहीत. लई करते आमच्यासाठी."
माझं कौतुक करत होती बिचारी.
मॅडम माझ्याकडे वळल्या. वही घरी आहे, मी म्हणाले. तेवढं एकच खरं बोलले दिवसभरात. "उद्या अकरापर्यंत आणा. नाहीतर हे सगळं तुमच्याच नावावर लिहावं लागेल."
भाऊजी मागेच उभे होते.

१२ फेब्रु., सकाळ
भाऊजींचा फोन. "वही न्यायला येतोय. नाहीतर चुलीत घाल, माझ्यादेखत." दिली तर त्या बायकांचा गळा मीच कापला. नाही दिली तर उद्यापासून ह्यांची औषधं कुठून आणू? ह्यांना विचारलं. म्हणाले, "मला नको विचारूस." रडत होते.
शेवटचं पान उघडलं. फाडायलाच, खोटं कशाला लिहू. सगळ्यात वरचं नाव माझं. बायकांचा विश्वास बसावा म्हणून माझं कार्ड मी पहिलं दिलं होतं. म्हणजे इतके महिने मीही अर्ध्यावरच. हे कधी डोक्यातच आलं नाही, घरातलाच माणूस ना.
बाहेर बाईक थांबली. हे विचारतायत, कोण आलं. दार अजून उघडलेलं नाही. वही मांडीवरच आहे.